‘नेहमीप्रमाणे शुद्ध करून’

एकदा एका वैद्यगुरूंच्या शिष्याला वाटले की आपले काम संपले. प्रयोग झाले, रोगी बरे झाले, आता उरले ते फक्त लिहिणे. आणि लिहिणे म्हणजे तर हातचा मळ, असे त्या वयात वाटते. ज्यांनी जन्मात एखादा तरी शोधप्रबंध लिहिला आहे, त्यांना ही धुंदी ठाऊक असेल. ज्यांनी लिहिलेला नाही, ते सुखी आहेत.

शिष्याचा विषय होता सांधेज्वर. नदीकाठच्या त्या मुलखात हा रोग फार. ताप चार दिवसांनी उतरतो, पण जाताना माणसाची बोटे वाकवून जातो. मग बाईला भाकरी थापता येत नाही आणि कोष्ट्याला धागा धरता येत नाही. माणूस जिवंत असतो, पण घरात अडगळीसारखा पडून राहतो. शिष्याने अनेक वर्षे खपून बिब्ब्यापासून एक औषध सिद्ध केले होते आणि त्याने वाकलेली बोटे खरोखर सरळ होत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्यात औषधाचा काहीही दोष नव्हता.

बिब्बा ही वस्तू सोपी नाही. त्याचे तेल अंगाला लागले तर फोड येतात, पोटात गेले तर आत काय होते ते बोलायलाच नको. आश्रमात ही गोष्ट सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. पहाटे स्नानाच्या आधी शिष्य हातांना खोबरेल फासत, बिब्ब्यांची टोपणे कापत, विटेच्या भुग्याबरोबर ते गोणपाटाच्या पिशवीत घालून चोळत बसत. भुगा तेलाने काळा झाला की तो टाकायचा, नवा घ्यायचा. असे भुगा कोरडा राहीपर्यंत चालायचे, मग गरम पाण्याने धुवायचे. आश्रमात आलेला मुलगा पहिल्या महिन्यात हे शिकत असे आणि दुसऱ्या महिन्यात ते आपण शिकलो होतो हेही विसरत असे.

प्रबंध लिहून झाला. शीर्षक होते ‘सांधेज्वरगजकेसरी’. आरंभी मंगलाचरण, मग गुरुपरंपरेचे स्तवन, मग सांधेज्वराच्या भीषणतेचे असे वर्णन की वाचणाऱ्याची बोटे जागच्या जागी वाकावीत. त्यानंतर पूर्वीच्या वैद्यांची मते व त्यांचे खंडन, त्यात दोन-तीन हयात वैद्यांना हळूच काढलेले चिमटे. त्यानंतर लेखकाने सोसलेल्या कष्टांचा वृत्तान्त. या सगळ्या मिरवणुकीच्या मागे, जवळजवळ शेवटी, एक वाक्य होते: “बिब्बा नेहमीप्रमाणे शुद्ध करून तुपातून द्यावा.”

गुरूंनी प्रबंध वाचला आणि बाजूला ठेवला. त्या दिवशी आश्रमात काष्ठौषधींचा एक व्यापारी उतरला होता. त्याला अक्षरओळख चांगली होती, वनस्पतीही कळत, पण औषध करण्याशी त्याचा संबंध नव्हता. गुरूंनी त्याला पाकशाळेत बसवले, पुढे बिब्बे, विटा, गोणपाट, तूप, चूल, सगळे मांडून दिले आणि हाती प्रबंध दिला.

“शेटजी, यात लिहिले आहे तसे औषध करा. दुसऱ्या कुणाला काही विचारू नका.”

मग ते शिष्याकडे वळले. “तू भिंतीपलीकडे जाऊन बस. तोंडातून एक अक्षर काढायचे नाही.”

शिष्याला या प्रकाराचे नवल वाटले, थोडा अपमानही वाटला. पण तो जाऊन बसला.

आतून बराच वेळ पाने उलटण्याचा आवाज येत राहिला. मग व्यापारी म्हणाला, “महाराज, रोग फार वाईट आहे हे समजलं. हे लिहिणारे फार मोठे आहेत तेही समजलं. औषध कुठे आहे?”

“पुढे वाचा,” गुरू म्हणाले.

व्यापारी पुढे वाचत गेला आणि थांबला. “नेहमीप्रमाणे शुद्ध करून म्हणजे कसं?”

गुरूंनी प्रबंधाकडे बोट दाखवले. व्यापाऱ्याने पुन्हा विचारले. शिष्याला भिंतीपलीकडे बसवेना. तो ओरडला, “अहो, विटेच्या भुग्यात चोळायचे! भुगा काळा झाला की बदलायचा! हाताला खोबरेल लावा आधी!”

“कोण बोलले?” गुरूंनी विचारले. “इथे तर कोणी नाही.”

व्यापाऱ्याने ऐकले तसे केले. औषध उत्तम उतरले. शिष्य हसत आत आला. “पाहिलेत ना गुरुजी? वैद्य नसलेल्या माणसालाही जमले.”

“तू बोललास म्हणून जमले. जे ओरडलास ते लिही. आणि गेल्या पावसाळ्यात घाईने शुद्ध केलेल्या बिब्ब्याने ज्या रोग्यांच्या तोंडात फोड आले, ते कुठे आहेत प्रबंधात?”

“गुरुजी, ती चूक आपल्याकडून झाली होती, औषधाकडून नाही. ते लिहिले तर परिषदेत विरोधक तेवढेच धरून बसतील. आणि बिब्बा कसा शुद्ध करावा हे लिहिणे म्हणजे स्वयंपाकाच्या पुस्तकात आधी चूल पेटवावी असे लिहिण्यासारखे आहे. हा प्रबंध जाणकारांसाठी आहे. ते हसतील मला.”

वैद्यांची परिषद दुसऱ्या दिवशीच होती. गुरू वृद्ध होते, वादाला कंटाळले होते. ते एवढेच म्हणाले, “हसले तर बरेच होईल.” शिष्याला त्याचा अर्थ लागला नाही. त्याने प्रबंध रेशमी फडक्यात गुंडाळला आणि तो निघाला.

परिषदेतल्या विद्वानांनी प्रबंध जसा वाचतात तसा वाचला, म्हणजे आरंभ वाचला आणि शेवट वाचला. मंगलाचरणाची वाहवा झाली. एका ज्येष्ठांनी तर औषधविधी एका ओळीत सांगितल्याबद्दल लेखकाच्या संयमाचे खास कौतुक केले. शाल मिळाली, नारळ मिळाला. नकला करणाऱ्यांनी प्रबंध उतरवून घेतला, त्या नकलांच्या नकला झाल्या, आणि यात्रेकरूंच्या, व्यापाऱ्यांच्या बोचक्यांतून त्या घाट ओलांडून दूरदूर गेल्या. कुठे कुठे गेल्या हे कोणालाच ठाऊक नाही. पुढच्या दुःखाचे मूळ तिथेच आहे.

पुढच्या वर्षी एक तरुण वैद्य घाट उतरून आश्रमात आला. पायांत वहाणा नव्हत्या. खांद्यावरच्या झोळीतून त्याने प्रबंधाची एक मळकी नक्कल काढली आणि अंगणात उभ्या असलेल्या शिष्यासमोर धरली.

“हे तुमीच लिवलंय न्हवं?”

शिष्याला वाटले, हा शिकायला आला आहे. तो प्रसन्नपणे म्हणाला, “हो, मीच. बसा ना.”

“बसत न्हाई. मला एक इचारायचं हाय. तुमी बिब्बा सुद्ध करता म्हंजी काय करता?”

शिष्याने सांगितले: विटेचा भुगा, गोणपाट, भुगा बदलणे, गरम पाणी. तो सांगत होता आणि समोरच्या माणसाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. सांगून झाल्यावर त्या वैद्याने नक्कल उघडली. ती ओळ शोधायला त्याला पाने चाळावी लागली नाहीत. त्याने तिच्यावर बोट ठेवले.

“हितं न्हाई त्ये.”

“तुमच्याकडे कसा शुद्ध करतात?” शिष्याने विचारले.

“आमच्याकडं बिब्बा पोटात देतच न्हाईत. भायेरनं लावत्यात. लावायच्या आदी धुवायचा, उनात वाळवायचा, देवापुढं ठिवायचा. त्याला आमी सुद्ध करनं म्हंतो. नेहमीपरमानं.” त्याने नक्कल मिटली. “गावात लई मान्सांची बोटं वाकल्यात. त्यांनी माजा पिच्छा पुरवला व्हता. मी म्हनलं, लोकांच्या लेकीबाळींवर परयोग नगं, आदी आपल्या घरात. माज्या बायकूची बोटं बी तशीच. तिला भाकर थापता येत न्हवती, तर रोज रडायची. तिलाच दिलं.”

त्याच्या बायकोचे नाव गोजरा होते. या गोष्टीत गुरू आहेत, शिष्य आहे, व्यापारी आहे, वैद्य आहे, कोणालाही नाव नाही. नाव एकट्या तिला आहे, आणि त्या पहिल्या प्रबंधाच्या एकाही नकलेत ते नाही.

“तोंडात फोड आले, तवा मी परत वाचलं,” वैद्य सांगत होता. “वाटलं, असं व्हतं आसंल, तर लिवलं आसंल. कुटंच न्हवतं. म्हंजी कुनालाच झालं न्हाई, म्हनलं. म्हंजी माजंच कायतरी चुकतंय, जरा धीर धरावा. अन् दुसरी मात्रा दिली. त्यातच ती गेली.”

शिष्य खाली बसला. गुरू ओसरीवरून हे ऐकत होते. ते काठी टेकत आले आणि त्या वैद्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेले, पाय धुवायला पाणी दिले, जेवायला वाढले. शिष्याशी ते त्या दिवशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शिष्यच त्यांच्यापुढे येऊन बसला. त्याचे डोळे सुजले होते. “गुरुजी, त्या दिवशी मला भिंतीपलीकडे का बसवलेत ते आता कळले.”

“कळायला फार महाग पडले,” गुरू म्हणाले. “आणि किंमत भलत्याच घराने मोजली. मीही तेव्हा हट्ट धरला नाही, ते माझ्या वाट्याचे. आता ऐक. प्रबंध लिहायला बसावे तेव्हा आपण मेलो आहोत असे धरून बसावे. तो जिथे वाचला जाईल तिथे तू नसशील. तुझे हात नसतील, भिंतीपलीकडून ओरडणारा तुझा आवाज नसेल. म्हणून आधी सांग की मी काय शोधत होतो, म्हणजे ज्याला ते नको त्याने पुस्तक मिटावे. मग काय केलेस ते सांग, आणि इतके सांग की ज्याने हा आश्रम कधी पाहिला नाही त्यालाही तसेच करता यावे. जे तुला सांगण्यासारखे वाटत नाही तेच आधी सांग, कारण ते फक्त तुझ्या अंगणात नेहमीचे आहे. मग जे दिसले ते लिही. दिसू नये असे ज्याबद्दल वाटत होते तेही तिथेच लिही, लपवू नकोस. पुढच्याला वेळेवर थांबवणारे तेवढेच असते. तुझे मत अगदी शेवटी, वेगळे. दिसलेले आणि वाटलेले एका ताटात कालवू नये. माझी स्तुती काढून टाक. ती वाचून कोणाचे बोट सरळ होत नाही.”

“मी पुन्हा लिहितो,” शिष्य म्हणाला. “सगळे लिहितो. मग त्या जुन्या नकला लोक टाकून देतील ना?”

गुरूंनी घाटाच्या वाटेकडे पाहिले. मग म्हणाले, “नाही रे बाळा. ज्याच्या हाती जुनी आहे त्याला नवी निघाली हे कोण सांगणार? त्या पुढे गेल्या आहेत. नवी त्यांच्या मागून चालत राहील. ती कुठे वेळेवर पोचेल, कुठे नाही. कुठे नाही पोचली हे आपल्याला बहुधा कळणारही नाही. हा माणूस घाट उतरून आला म्हणून आपल्याला एक घर कळले. तरीही लिही.”

शिष्याने लिहिले. प्रबंध अगदी लहान झाला. शीर्षक साधे होते: ‘सांधेज्वरात बिब्ब्याचे औषध, त्याची कृती आणि त्याचे अपाय’. विटेचा भुगा त्यात होता, खोबरेल होते, भुगा कोरडा राहीपर्यंत थांबण्याची खूण होती. फोड आलेले रोगी होते. आणि त्यांच्या शेवटी, जिथे दिसलेले लिहायचे असते तिथे, गोजरा होती. तोंडात फोड येताच औषध तत्काळ बंद करावे, दुसरी मात्रा देऊ नये, हे तिच्या नावाखाली लिहिले होते.

तो वैद्य अजून आश्रमातच होता. शिष्याने नवा प्रबंध त्याच्या हाती दिला, पाकशाळेत सगळे साहित्य मांडून दिले आणि कोणी न सांगता स्वतः भिंतीपलीकडे जाऊन बसला.

आतून चोळण्याचा आवाज येत राहिला. एकदा तो थांबला. “भुगा किती येळा बदलायचा?” वैद्याने मोठ्याने विचारले. शिष्याचे ओठ हलले, पण त्याने खांद्यावरचे उपरणे तोंडात कोंबले. मग पान उलटल्याचा आवाज आला आणि चोळणे पुन्हा सुरू झाले. शिष्य भिंतीला डोके टेकून रडला.

ऊन कलले तेव्हा वैद्य बाहेर आला. हातात औषधाची वाटी होती. गुरूंनी औषधाचा रंग पाहिला, वास घेतला आणि मान हलवली. एकही चूक नव्हती.

“बराबर झालंय,” वैद्य म्हणाला. त्याने वाटीकडे पाहिले, मग शिष्याकडे. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच शिष्याला सोसवेना. “आता ह्यात काय बी खोट न्हाई. पर गावात सगळ्यांनी गोजराचं तोंड बगितलंय. माज्या हातनं आता ह्ये घेनार कोन?”

या प्रश्नाचे उत्तर शिष्याच्या प्रबंधात नव्हते. तो आत गेला, कोरे कागद पुढे ओढले आणि नव्या प्रबंधाची पुढची नक्कल लिहायला बसला.