कच्च्या पोरांची आढी

रोजगार मेळाव्यात आंब्याचे बडे व्यापारी आबाशेट रेडीज यांनी तासभर भाषण केलं. तरुणांनी सुट्टी वाया घालवू नये, कष्टाची लाज बाळगू नये, वगैरे. खाली त्यांच्याच टेबलावर पाटी होती: 'सुट्टीत कामाला मुलं-मुली पाहिजेत. तीन वर्षांचा अनुभव आवश्यक.' म्हणजे आत्ता दहावीची परीक्षा दिलेल्यांनी सातवीपासूनच पेट्या भरायला हव्या होत्या.

मुक्ता घवाळीला हे काम हवंच होतं. जूनपासूनचं कॉलेज अकरा किलोमीटर लांब, आणि सायकल स्वतःच्या कमाईतून घ्यायची, असं घरी ठरलं होतं.

"अनुभव?" शेटनी विचारलं.

"नाही."

"मग असली कच्ची पोरं घेऊन मी काय करू?"

तेवढ्यात मेळाव्याच्या एका पाहुण्याने टेबलापाशी येऊन शेटकडे झाडावर पिकलेले आंबे मागितले. शेट हसले. "पिकलेला आम्ही उतरवतच नाही, साहेब. तो पेटीत टिकत नाही. कच्चाच घ्यायचा आणि आढीच्या पेंढ्यात आपण पिकवायचा. सगळं कसब त्यात."

"मग शेट, मलाही घाला की आढीत," मुक्ता म्हणाली.

पाहुणा खो खो हसला. शेट चिडले. "आंबा उलटं बोलत नाही, पोरी."

"म्हणून तर नासलेला कळायला पेटी उघडावी लागते. माझं बिघडलं तर मी तोंडाने सांगेन."

पाहुण्यासमोर नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत शेट 'तरुणांचे आधारस्तंभ' झाले. मुक्ताचं नाव त्यात नव्हतं. ती तेव्हा आढीत पेंढा पसरत होती.