मेढेखारची अर्धी रोजरी

या या, आत या. बसा खालीच, आमच्या मेढेखारच्या देवळात बाक नाहीत. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. बाक का नाहीत म्हणून पाहुणे तोंड वाकडं करतात, पण ते का नाहीत तेच सांगायला मी बसलोय. खिडकीतून खाली बघा. ती खाडी, तो मातीचा बांध, आणि बांधाच्या अलीकडे खोलगटात दिसतो तो खालचा पाडा. दरवर्षी बांधाच्या सणाला इथे रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, सुरू होते. तिचे पाच भाग, त्यांना आम्ही रहस्यं म्हणतो; त्यांतली तीन इथे म्हणायची आणि उरलेली दोन तिथे, बांधावर. अर्ध्यात उठून जातात म्हणून बाहेरगावचे लोक हसतात. हसू दे बापडे.

असं सांगतात, की फार जुन्या काळी खालच्या पाड्यात ऊर्सुल नावाची विधवा राहायची. तिचा नवरा बांध सांभाळायचा. या गोष्टीच्या दोन वर्षं आधी उधाणात पाय घसरून तो खाडीत गेला, तो परत दिसलाच नाही. तेव्हापासून ऊर्सुलने पाण्याची अशी धास्ती घेतली होती, की होडीत बसायचं नाव काढलं तरी तिला घाम फुटायचा. तिची एकुलती एक लेक पावलीन त्याच पाड्यात दिलेली. जावई गलबतावर गेलेला. आणि पावलीन नुकतीच बाळंत झालेली, अंगात ताप, उठवत नव्हतं.

त्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं आणि वर वादळ. भर दुपारी असं अंधारून आलं, की कोंबड्या घरात शिरल्या. पाड्यातली माणसं मुलंबाळं काखोटीला मारून वर देवळात धावली. पावलीनपाशी तिची म्हातारी सासू थांबली आणि ऊर्सुल वर आली, चार माणसं मागायला. खाटेसकट पोर उचलून आणायची, एवढंच.

पण ती आत शिरली आणि तिच्या मागे दारं लागली. पाद्री महिन्यातून एकदा यायचे, ते नव्हते. गावचा मुकादम मिंगेल घाबरून पांढराफटक पडला होता, आणि घाबरलेल्या माणसाला काहीतरी धरायला लागतं. तो सायबिणीपुढे नवस बोलला. पुरी रोजरी होईपर्यंत गावातलं कुणी जागचं उठणार नाही, दार उघडणार नाही. सायबीण म्हणजे आमची मरियामाता. तिला दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती होती?

"काका, माझी पोर खाली आहे हो," ऊर्सुल म्हणाली.

"बस गं बाई. आधी रोजरी, मग खाट. तू उठलीस तर सगळं गाव बुडेल, आणि ते पाप तुझ्या माथी."

ऊर्सुल बसली. काय करणार? तीही भ्यायलेलीच. बाहेर वारा कौलं उचलत होता, आत बायका रडत रडत माळ ओढत होत्या. तिची जागा खिडकीशी होती. पहिलं रहस्य झालं. दुसरं झालं. तिने फटीतून खाली पाहिलं. खेकड्यांनी पोखरलेल्या जागी बांधाला खांड पडली होती. आत्ता एक माणूस आडवा झोपेल एवढीच, पण पाणी दोन्ही बाजूंची माती खात होतं. ते पाणी सरळ पावलीनच्या दाराकडे निघालं होतं. खाट आणायला जेवढा वेळ लागणार, तेवढा वेळ तो बांध टिकणार नव्हता.

तिसरं रहस्य संपलं. ऊर्सुल उठली.

म्हणे आख्ख्या देवळाचा आवाज बंद झाला. सगळे तिच्याकडे असे बघत होते, की जणू आता छप्पर कोसळणार. तिने आपल्या बाकाचं एक टोक धरलं आणि ओढायला लागली. सागवानी जड बाक तो, एकटीला काय उचलतोय! फरशीवर तो करकरत फरपटत चालला. "अगं सटवे, काय करतेस?" मिंगेल ओरडला. ती म्हणाली, "बांध फुटलाय. मला फार भीती वाटते हो. एकटीला नाही जमणार."

कुणी हललं नाही. आणि मग उठली ती कोण, तर मिंगेलची बायको, इजाबेल. तिने दुसरं टोक उचललं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमचा नवस मीपण मोडला. आता काय व्हायचं ते आम्हा दोघींचं होऊ दे."

दोघींचं कशाला व्हायचं? तिसरी उठली, चौथा उठला, दारं उघडली. वाऱ्याने आतले सगळे दिवे विझले. चौघे खाटेकडे पळाले, उरलेली माणसं बाक उचलून बांधाकडे. बाक आडवे टाकले, मागे पेंढ्याचे भारे आणि चिखल लोटला, तरी पाणी रेटतच होतं. तेव्हा बाकांना पाठी लावून माणसं पाण्यात उभी राहिली, एकमेकांच्या दंडात दंड अडकवून. ऊर्सुल मधोमध. छातीपर्यंत तेच पाणी, ज्याने तिचा नवरा नेला. ती थरथरत होती, आणि तिच्या दोन्ही अंगांची माणसं तितकीच थरथरत होती. कुणाची भीती कुणापासून लपत नव्हती.

मिंगेल सगळ्यांत शेवटी आला. पाण्यात उतरला, बायकोच्या शेजारी उभा राहिला आणि रडक्या आवाजात त्याने चौथं रहस्य सुरू केलं. सगळ्यांनी उचललं. देवळात बंद दाराआड जे ओठांवर होतं ते तिथे छातीतून येत होतं, असं जुनी माणसं सांगत. पाचवं संपलं तरी उधाण उतरेना, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. ओहोटी लागली तेव्हा कुणाला आपले हात सोडवता येईनात, इतके ते आखडले होते. पावलीन वर पोचली होती, बाळासकट. बाक तिथेच गाडले गेले, आणि गावाने पुन्हा बाक केले नाहीत.

आजही बांधाच्या सणाला तिसरं रहस्य संपलं, की देऊळ गप्प होतं. मुकादम उठा म्हणत नाही. ज्याच्या घरी त्या वर्षी काही वाईट चाललंय, दुखणं, भांडण, पोरगं बिघडलेलं, त्याने आधी उठायचं. सोपं नसतं हो ते, सगळ्या गावादेखत! बघताबघता आपल्याच छातीत धडधडायला लागतं. मग कुठेतरी कुणीतरी उठतं, मान खाली घालून. आणि काय झालं म्हणून न विचारता, शेजारचा त्याच्या दंडात दंड घालून उठतो. गेल्या वर्षी मी उठलो होतो.