चिंधू नावाडी सगळ्यांना पार करतो

एका गावात एक भोळा नावाडी होता. चिंधू त्याचं नाव. होडी चालवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पण डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली, की ती बाहेर काढायला कुणाचं वल्हं पुरायचं नाही.

गावावरच्या डोंगरात जुनी लेणी होती. तिथं एक म्हातारे भंते राहायचे. एकदा ते खाली आले, चावडीपुढं बसले आणि म्हणाले, "खरी करुणा असलेला माणूस एकटा पार होत नाही. सगळे पार झाल्याशिवाय मी पार होणार नाही, असं तो म्हणतो."

बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन भाकरी खाल्ली. चिंधू उठून उभा राहिला.

"भंते, हे तर माझंच काम. आजपासून धरलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी येसाई काठावर धुणं धूत होती. चिंधूनं तिला उचलून होडीत घातली. धुणंही घातलं. पलीकडे नेऊन उतरवली.

"मेल्या, मला कुठं जायचंय पलीकडं? चुलीवर डाळ आहे माझी!"

"पार झालीस येसाई. आता डाळीत जीव अडकवू नको."

डाळ करपली. येसाईनं भंतेंकडं गाऱ्हाणं नेलं. भंते म्हणाले, "चिंधू, आधी विचारावं रे. मनाविरुद्ध नेलं, तर ती करुणा नव्हे."

"चुकलो. आता विचारीन."

तिसऱ्या दिवशी तात्या गुरव म्हैस धुताना घसरले ते थेट धारेत गेले. "वाचव रे!" म्हणून ओरडले. चिंधूनं झपाट्यानं होडी जवळ नेली, वल्हं आडवं ठेवलं आणि हात जोडले.

"तात्या, पार व्हायची इच्छा आहे का?"

"अरे, बुडतोय मी!"

"ते दिसतंय. पण इच्छा आहे का? मनाविरुद्ध नको."

तात्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं. बोलणं बंद झालं.

"सवडीनं सांगा. मी आहे इथंच."

शेवटी तात्यांच्या हाताला म्हशीचं शेपूट लागलं. म्हशीनं काही विचारलं नाही. काठावर आणून सोडलं.

भंतेंनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, हात द्यायच्या वेळी काही विचारू नये. आपला कोण, परका कोण, तेही बघू नये."

"नाही बघणार," चिंधू म्हणाला. त्या दिवसापासून तो आभाळाकडं तोंड करून होडी हाकू लागला. कोण चढलं, कोण उतरलं, काही बघायचं नाही.

आता याच दिवसांत त्याची बायको सगुणा बाळंतपणाला माहेरी गेली होती. माहेर पलीकडच्या काठालाच. होडीतनं घराचं दार दिसायचं. मुलगा झाला. चिंधू रोज दहादा पलीकडच्या काठाला लागायचा, पण खाली पाय ठेवायचा नाही. अलीकडे कुणी ना कुणी उभं असायचंच. सगळे पार झाल्याशिवाय तो कसा पार होणार?

सगुणानं बापाकडून निरोप धाडला. "बाराव्या दिवशी बारसं आहे. त्या दिवशीही दारात दिसला नाहीत, तर माझी भांडीकुंडी उचलून आणीन आणि कायमची माहेरी राहीन."

चिंधू घाबरला. बायकोवर त्याचा फार जीव. मुलाचं तर अजून तोंडही बघितलं नव्हतं. बरं, बारशाचं आवतण अख्ख्या गावाला होतं. तो म्हणाला, "झकास! गाव पार करतो आणि शेवटी मी जातो."

बाराव्या दिवशी पहाटेपासून त्याचं वल्हं चाललं. चिंधूची आई गेली. बहीण गेली, म्हणजे बाळाची आत्या. तिच्याशिवाय बारसं कसलं? बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचं ते आत्यानंच. भंतेही होडीत बसले.

पण पार झालेली माणसं परत यायला लागली. येसाई शेळी बांधायला परत आली. तात्या झबलं विसरले म्हणून परत आले. चिंधू रडकुंडीला आला.

"भंते, पार झालेलं माणूस मागं का येतं हो?"

भंते आपल्याच नादात म्हणाले, "ओढ असते रे. मागची वाट तोडल्याशिवाय कुणी खरा पार होत नाही."

चिंधूनं तेही गाठीला बांधलं.

दुपार कलली. परतीच्या एका खेपेला होडीत कुणीतरी एकटंच बसलं. बांगड्या वाजल्या. पदराखाली काहीतरी कुरकुरलं. चिंधूला वाटलं, कुणी मांजर नेतंय. त्यानं आभाळ सोडलं नाही. ती सगुणा होती. "हे बोलले तर बोलीन," म्हणून तीही गप्प बसली. उतरली, पाय आपटत घरी गेली आणि भांडी बांधायला लागली.

दिवस मावळायला आला. चिंधूनं अलीकडच्या काठावरून तीन हाका मारल्या. "कुणी राहिलंय का?"

सगुणानं तिन्ही ऐकल्या. पण रुसलेलं माणूस कधी ओ देतं का?

चिंधू पलीकडे गेला, खाली उतरला, कुऱ्हाड घेतली आणि होडीचा तळ फोडला. होडी बुडाली. आता कुणी मागं घसरायचं नाही. मग तो हसत सासऱ्याच्या दारात उभा राहिला.

"मामा, आलो! कुठाय माझा लेक?"

"सगुणा तुमच्याच होडीतनं गेली की त्याला घेऊन! तुम्ही बघितलं नाही?"

"बघायचं नाही, असं ठरलंय."

सगळा गाव काठाकडं पळाला. पलीकडे सगुणा उभी होती. काखेत बाळ, डोक्यावर भांडी.

"होडी आणा! मला माहेरी जायचंय!"

"होडी फोडली!"

"का?"

"सगळ्यांच्या भल्यासाठी!"

मग चिंधूच्या ध्यानात आलं. दोन जीव मागं राहिले, आणि आपण आधी पार झालो. त्यानं नदीत उडी टाकली आणि पोहत बायकोपाशी पोचला. बाळाचं तोंड पहिल्यांदा बघितलं. बघतच राहिला. सगुणानं भांडी खाली ठेवली. जाणार तरी कुठं?

सूर्य टेकला होता. आत्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि नदीवरूनच "कुर्रर्र!" केलं. कानात सांगायचं नाव दोन्ही काठांनी ऐकलं.

सकाळी पलीकडून भंतेंची हाक आली. मागं सगळा गाव उभा होता.

"चिंधू! ओंडके बांध, तराफा कर आणि आम्हाला घरी ने रे!"

चिंधूनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि हसून मान हलवली.

"भंते, परीक्षा बघताय होय माझी? इतक्या कष्टानं पार केलंय. आता मागं फिरू नका!"