शिवळीपाड्याच्या बांधाचं कोपर

शिवळीपाड्याच्या बांधावरून पहिल्यांदा चालणाऱ्याला एका जागी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. शेतातलं पाणी खाडीत सोडायचं जे लाकडी दार आहे, ज्याला इथं उघाडी म्हणतात, तिथून बांध निघतो तो दोरी लावल्यासारखा सरळ. डाव्या हाताला तिवरांचं रान आणि खाडी, उजव्या हाताला भात. आणि मग मध्येच, काही कारण दिसत नसताना, तो आत शेतात शिरतो, हात कोपरात दुमडावा तसा वळतो आणि पुन्हा आपल्या वाटेला लागतो. त्या दुमडीत एक तळं आहे. पाणी काळसर हिरवं आणि खारट, तळाला बांबू टेकत नाही. बांधाच्या अलीकडे मात्र चार पावलांवर भात डोलत असतं.

पाहुणे येतात ते खरं तर पाड्यातलं काम बघायला. इथं दरवर्षी चौदा ते वीस वयाच्या पोरापोरींतून एक हाकारी निवडला जातो. वर्षभर बांधाची राखण त्याच्या शब्दावर चालते. लहान मुलांना संध्याकाळी समाजमंदिरात बसवून अभ्यास घेणं, त्यांना भरतीच्या वेळा शिकवणं त्याच्याकडे. नवं लग्न झालं की त्या जोडप्याला बांधाचा पाच वाव लांबीचा तुकडा तोच नेमून देतो आणि त्या घरात मूल जन्मलं की तुकडा एका पावलानं वाढवतो. यंदाची हाकारी दहावीतली मुलगी आहे. एवढ्या जाणत्या माणसांच्या पाड्यात कारभार पोरांकडे कसा, असं कुणी ना कुणी विचारतंच. मग हसूराम मोकल त्यांना कोपरापाशी घेऊन जातात. वय सत्तरीच्या पुढचं, पण गोष्ट ते बसून सांगत नाहीत.

असं सांगतात, की पाडा बत्तीस घरांचा होता तेव्हाची ही गोष्ट. त्या घरांच्या वाडवडिलांनी ओहोटीच्या वेळात खाडीकाठच्या खाजणात कंबरभर चिखलात उभं राहून, चिखलाची ढेपं हातोहात देत हा बांध घातला आणि समुद्राकडून जमीन मागून घेतली. बांधाची डागडुजी बत्तीस घरांनी मिळून करायची. या मेळाला म्हणत जोळ. प्रत्येक घराच्या वाटणीला बांधाचा एक तुकडा. बांधाला भगदाड पडलं, म्हणजे खांड गेली, की खारं पाणी शेतात शिरायचं, आणि एकदा शिरलं की तीन वर्षं तिथं भाताची काडी उगवत नसे. तीन वर्षं बसून खाईल असं घर पाड्यात एकही नव्हतं. खांड गेली तर पाडा उठणार, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

जोळीचा पहिला मान पोशाजी भगताचा. बांधावर नजर ठेवायची ती पिकल्या माणसांनी, पोरांनी चिखल वाहायचा आणि तोंड मिटून राहायचं, असा रिवाज. पोशाजी वाईट माणूस नव्हता, म्हणे. फक्त त्याच्या वाटणीच्या तुकड्याला त्याच्या हयातीत एकदाही खांड गेली नव्हती, आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला ऐकवायचा.

त्याच पाड्यात ठमी नावाची सोळा वर्षांची पोर होती. फार दचकायची. बगळा उडाला की हातातलं टोपलं खाली. मागून कुणी हाक मारली तर आधी उडी मारायची, मग वळून बघायची. पाड्यातल्या पोरी मुद्दाम तिच्या पाठीशी जाऊन टाळी वाजवायच्या. पंगतीला बसली की तिची वहिनीच म्हणायची, "हिला भिंतीला टेकून बसवा गो, नायतर सगळ्यांची आमटी सांडेल."

एका पावसाळ्यात ठमीनं तीनदा हाक दिली. पहिल्यांदा बांधावरून पाणमांजर घसरलं, तिला वाटलं माती घसरली. दुसऱ्यांदा गलबताच्या शिडाची सावली बांधावर पडली. तिसऱ्यांदा एका बिळातून बुडबुडे येताना दिसले. तिन्ही वेळा "फुटला, फुटला" करत ती ओरडत सुटली, आणि तिन्ही वेळा जोळ लावणी टाकून चिखलातून धावत आली. तिसऱ्या वेळी पोशाजीनं बिळात हात घातला, आतली चिंबोरी बाहेर काढली आणि सगळ्यांदेखत तिच्या ओंजळीत ठेवली.

"ही घे. बांध फोडणारी हीच ना? कालवण कर हिचं."

लोक हसले. पण लावणी खोळंबली होती, त्यामुळे हसण्यावर ते भागलं नाही. पोशाजीनं बांधाची मूठभर माती उचलली आणि जोळीला शपथ घातली. "या पोरीच्या हाकेला ओ द्यायची नाय. जो देईल त्यानं जोळीतला आपला मान सोडायचा." बत्तीस घरच्या कर्त्यांनी एकेक करून त्या मातीला हात लावला. त्यात ठमीचा बापही होता.

ठमीचं दचकणं काही त्यानं थांबलं नाही. उलट आता तिला स्वतःच्या डोळ्यांचाही भरवसा वाटेना. काही दिसलं की ती मनात म्हणायची, हे खरंच आहे की मलाच दिसतंय? म्हणून तिनं दुसऱ्यांचे डोळे सोबत घेतले. शिवल्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला पाड्यातली सात-आठ पोरं तिच्याबरोबर खाडीवर जात. त्यांना तिनं म्हाताऱ्या बायांकडून विचारून घेतलेलं सगळं शिकवलं. पुनवेला नि अवसेला भरती माध्यान्हीला भरते, मग रोज दोन घटका पुढे सरते. सगळ्यात मोठं उधाण पुनवेनंतरच्या दिवसांत येतं. खेकड्याचं बीळ कोरडं असतं कधी, ओलं असतं कधी. पोरं ते खेळासारखं शिकली. कुणाचं चुकलं तर ठमी ओरडत नसे, म्हणे. "पुन्हा बघून ये," एवढंच.

श्रावणातली, पुनवेआधीची अष्टमी आली. चार दिवस उघडीप होती. माध्यान्हीची ओहोटी, खाडी पार खाली गेलेली, बांधाची आतली बाजू उन्हानं वाळून भेगाळलेली. आणि एका जागी तळहाताएवढी माती काळी दिसत होती. बस, एवढंच. ठमीनं तिला बोट लावलं आणि बोट जिभेला लावलं. खारट.

पावसाची ओल असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण पाऊस खारट नसतो. त्यातून ती जागा नेमकी पोशाजीच्या वाटणीची.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. ओलीच्या कडेला तिवराची एक खुंटी ठोकली. दुसऱ्या दिवशी ओल खुंटीच्या बाहेर गेली होती. तिनं दुसरी ठोकली. मग पोरांना एकेक करून तिथं नेलं आणि काय म्हणायचं ते न सांगता माती चाखायला लावली. सगळ्यांत धाकटा थुंकत म्हणाला, "मिठाची हाय." बाकीच्यांनीही तेच सांगितलं. तेव्हा कुठं ठमीचा स्वतःवर थोडा विश्वास बसला.

पुनवेपर्यंत ओल अडीच हात झाली. खालची माती मळलेल्या पिठासारखी मऊ लागत होती. त्या संध्याकाळी ठमीनं बापाला सांगितलं. बाप जाळं विणत होता. त्यानं मान वर केली नाही.

"कुणाच्या वाटणीचा तुकडा?"

"पोशाजी आज्याच्या."

"मग मी ऐकलं नाय, आणि तू बोलली नायस."

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी बत्तीस घरांची पंगत गावदेवीच्या माळावर, बांधाच्या अगदी पायथ्याशी बसायची. तशी ती त्या वर्षीही बसली. बाया वाढत होत्या. ठमी पोरांना घेऊन बांधावर उभी होती. माध्यान्ह झाली होती, भरती पुरी भरायला अजून दोन घटका होत्या, आणि पाणी आत्ताच बांधाच्या माथ्याच्या वीतभर खालपर्यंत चढलं होतं. तिनं आतल्या बाजूला वाकून पाहिलं. ओलीच्या मधोमध बोटाएवढी धार लागली होती आणि खालची खुंटी वाहून गेली होती.

पोरांना तिनं देवळाच्या जोत्यावर पिटाळलं. मग ती पंगतीकडे तोंड करून उभी राहिली. या वेळी ती "फुटला" म्हणाली नाही. तिनं घरांची नावं घेतली.

"घरत, ओ द्या. आठ दिवस मी ओल मोजलीय. अडीच हात हाय. आता धार लागली."

पंगत जेवत राहिली.

"ठाकूर, ओ द्या. भरती अजून दोन घटका चढायची हाय."

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "आज मांजर का सावली?" पण त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही, असं सांगतात. घास मात्र उचलले जात होते. माती हातात घेऊन केलेली शपथ होती, आणि जो तो शेजारच्याकडे बघत होता.

"मोकल, ओ द्या."

इथं हसूरामबाबा नेहमी थांबतात आणि पाहुण्यांना सांगतात, "आमचं घर. आम्ही पण गप्प बसलो." लपवायचं काही कारण नाही, अशा आवाजात सांगतात.

ठमीनं आपल्या घराचंही नाव घेतलं. तिची आई भाताचं टोपलं घेऊन पंगतीत उभी होती. ती तिथंच थिजली, आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पानाकडे बघत राहिला. ठमीचा आवाज तिथं फाटला, पण ती थांबली नाही. एकतीस घरं झाली. एकतीस घरांतून ओ आली नाही.

उरलं एक. ते तिनं जाणून शेवटाला ठेवलं होतं, कारण तिथं नुसतं नाव घेऊन भागणार नव्हतं. ज्याच्या तुकड्याची तारीफ सगळ्या खारेपाटात, त्याला भरल्या पंगतीत सांगायचं होतं की तुझाच तुकडा जातोय. आणि सांगणारी कोण, तर चिंबोरीला भ्यायलेली पोर.

"पोशाजी आज्या," ती म्हणाली, "तुझ्या वाटणीला हाय. तुझ्याच. तू ओ दे."

पंगतीतले हात जागच्या जागी थांबले. पोशाजी बसला होता पहिल्या पानावर. शपथ त्यानंच घातली होती. ओ दिली तर मान त्याचाच जाणार, आणि बांधाला खोट होती हेही त्याच्याच तोंडून कबूल होणार.

पुढचं सारं बांधच दाखवतो. ती खांड गेलीच. पाण्यानं तिथं जमीन अशी खणली की आजवर तळ लागला नाही, दोन घरांची शेतं त्यात गेली. पण बांध फुटायच्या आत बत्तीस घरची माणसं ठमीनं बोट दाखवलं तिथं, शेतात अर्ध्या गोलात खांद्याला खांदा लावून उभी होती आणि त्यांच्या पाठीमागे बाया-पोरं ढेपांवर ढेपं रचत होती. माणसांच्या त्या रांगेनं जे वळण घेतलं, तेच बांधाचं कोपर. बाकीचं भात वाचलं, पाडा उठला नाही. जोळीचा पहिला मान शपथेप्रमाणे सुटला तो ठमीकडे आला, आणि तेव्हापासून तो पिकल्या डोक्यावर परत गेलेला नाही.

बत्तीस घरांची आता एकशे दहा झालीत. आजही नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी माळावर पंगत बसते, त्या वर्षीचा हाकारी कोपरावर उभा राहून एकेक घराचं नाव घेतो, आणि पाड्यातलं सगळ्यांत वडील माणूस उठून ओ देईपर्यंत कुणी पानाला हात लावत नाही. गेली चार वर्षं ती ओ हसूरामबाबा देतात. शब्द त्यांचे नाहीत. आपला मान, आपली शपथ, आपल्या तुकड्याचं नाव, सगळं पानावर तसंच टाकून, गुडघ्यावर हात टेकत पोशाजी भगत त्या दिवशी उठला आणि बांधावरच्या पोरीकडे तोंड करून जे बोलला, तेच ते शब्द, असं सांगतात.

"ओ. आलो गो, ठमे. कुठं उभा राहू, सांग."