रिकामी परतलेली तपेली

एका राज्यात खायला उदंड होतं आणि पोट मात्र कोणाचंच भरत नव्हतं. राजवाड्याच्या देवघरात तांब्याची एक तपेली होती. मांडीवर मावेल एवढीच. तिच्यात हात घालून जे मागावं ते मिळे. पौषात आंबा मागा, आंबा येई. वैशाखात हुरडा मागा, हुरडा येई, तोही गरम. सगळं नगर सकाळ-संध्याकाळ वाड्यापुढे रांग लावी आणि तपेली कधी आटत नसे. मग शेत कोण नांगरणार? नांगरांचे फाळ गंजले, पाटे-वरवंटे अंगणात पडून राहिले, चुलींमध्ये मांजरांनी पिलं घातली.

पण ते अन्न खाऊन ढेकर येत नसे. चव होती, वास होता, तृप्ती नव्हती. माणसं जेवून उठत ती भुकेलीच उठत आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहत. पंगतीत वाढपी आला की पानावर कोणी हात आडवा धरत नसे. "पुरे" हा शब्द म्हाताऱ्यांनी लहानपणी ऐकलेला होता. तरुणांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागे, आणि सांगूनही तो त्यांच्या डोक्यात शिरत नसे.

त्या राज्याच्या राणीचं नाव चारुमती. तिला एकुलता एक मुलगा, रत्नकेतू. घरात त्याला केतू म्हणत. तो दिवसभर खाई आणि दिवसेंदिवस वाळत जाई. बारशाला मनगटात घातलेलं सोन्याचं कडं आता कोपरापर्यंत वर चढू लागलं होतं. राजवैद्यांनी नाडी पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि सांगितलं की, राणीसाहेब, पुढचा पावसाळा काही राजपुत्राच्या नशिबी दिसत नाही. चारुमतीनं ते ऐकून घेतलं. कोणासमोर रडली नाही. देवघराचं दार लावून रडली.

त्या वाड्यात एक जुनी रीत होती. जेवणाआधी गच्चीच्या कठड्यावर कावळ्याला घास ठेवायचा. कावळा रोज येई, मान तिरकी करून घासाकडे बघे आणि उडून जाई. पिढ्या गेल्या, घास शिवला नाही. त्या दिवशी राणी कठड्यापाशी थांबली आणि हात जोडून म्हणाली, "काकराज, माझ्या घरचा घास तुम्ही का शिवत नाही?"

"तुझ्या घरचा असता तर शिवलो असतो," कावळा म्हणाला.

मग त्यानं सांगितलं ते असं. राजाचे पणजोबा दीर्घबाहू यांच्या काळी तीन ऋतूंचा दुष्काळ पडला. डोंगरापलीकडे कालिंदा नावाची मायाविनी राहत होती. शेजारधर्म म्हणून तिनं आपल्या चुलीवर रांधलं आणि तपेली भरून पाठवली. दर ऋतूला एकदा, अशी तीनदा. तिन्ही वेळा सगळं नगर पोटभर जेवलं. आणि तिन्ही वेळा दीर्घबाहूंनी तपेली लख्ख घासून, रेशमी रुमालात बांधून, वाजतगाजत परत पाठवली. रिकामी. आत साखरेचा दाणासुद्धा नव्हता. तिसऱ्या वेळी कालिंदेनं रुमाल सोडला, आत पाहिलं, आणि तपेलीत शाप ठेवून ती परत धाडली. जे मागाल ते ही देईल, पोट मात्र भरणार नाही. दीर्घबाहूंना वाटलं, नजराणा आला. त्यांनी ती देवघरात बसवली.

"यावर उतारा काय?" राणीनं विचारलं.

"तीन ऋतूंत तीनदा भरून ने. तिचंच तिला देऊ नकोस. त्या ऋतूचं ने, हातानं रांधलेलं ने. मला ठाऊक आहे ते एवढंच."

राजा सुधर्मा तसा भला माणूस होता, पण काळजी त्याच्या पाचवीलाच पुजलेली. तपेली नेलीत तर नगर खाईल काय, असं त्यानं विचारलं. राणी म्हणाली, "आज तरी काय खातंय, महाराज?" राजानं पागोटं काढून ठेवलं आणि मांजराची पिलं चुलीतून उचलून टोपलीत घातली.

तेव्हा पावसाळा होता. राणी रानात गेली. टाकळा उगवलेला दिसला तशी तिनं मूठ भरून उपटायला हात घातला. टाकळा म्हणाला, "शेंडा खूड, मूळ ठेव. उद्याही कोणाला जेवायचं असेल." राणीनं नुसते शेंडे खुडले. परसात सांडपाण्यावर अळू आपोआप माजलं होतं, तेही तिनं कापून आणलं. आता रांधायचं कसं? वाड्यात कोणाला येत होतं? राणीनं अळू शिजवलं, चाखलं, आणि घसा असा खाजला की डोळ्यांना पाणी आलं. राजा वारा घालू लागला. पातेल्यातलं एक पान म्हणालं, "मला चिंच दे, मी गप्प बसेन." चिंच पडली आणि अळू गप्प झालं.

टाकळ्याची भाजी आणि अळूचं फदफदं तपेलीत घालून राणी डोंगर चढली. पलीकडे कालिंदेची झोपडी होती. दार लोटलेलं होतं. राणीला मायाविनीची भीती वाटत होती आणि घरी केतू वाट पाहत होता. तिनं तपेली उंबऱ्यावर ठेवली, नमस्कार केला आणि मागं न बघता परतली. सकाळी तपेली आपली आपण देवघरात येऊन बसली होती. कठड्यावर ठेवलेला घास कावळ्यानं पाहिला आणि तो उडून गेला.

पाऊस ओसरला. हिवाळ्यासाठी पेरायला हवं, आणि बी तर कोणाच्याच घरी नव्हतं. वाड्याच्या मागं दीर्घबाहूंच्या काळचं पेव होतं, म्हणजे जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. त्यावर नाग वेटोळं घालून बसला होता. त्याच्या श्वासानं आतलं बी इतकी वर्षं ताजं राहिलं होतं. नागानं विचारलं, "शेत पिकलं तर कोपरा कुणाचा?"

"कोपरा पाखरांचा, उंदरांचा आणि तुझा," राणी म्हणाली.

नाग बाजूला झाला. राजानं नांगर धरला. पहिल्या दिवशी त्याच्या नांगराचे तास असे वाकडे गेले की बैलही थबकून मागं बघायचे. लोक रांगेतून बघत होते. मग रांगेतले काही लोक शेतात उतरले. का उतरलो हे त्यांना सांगता येईना, पण हात मातीत गेल्यावर बरं वाटलं एवढं खरं.

माघात ज्वारी तयार झाली, वांगी धरली. नागाचा कोपरा तसाच उभा ठेवून राणीनं बाकीचं घरी आणलं. जात्यावर दळलं. पहिली भाकरी फाटली, दुसरी करपली, तिसरी टम्म फुगली. वांगी निखाऱ्यात भाजली, सोलली, वर पातीचा कांदा चिरून घातला. केतू चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्यालाही राणीनं वाढलं. तो बोटं चाटत म्हणाला, "आई, हे फार छान आहे. अजून आहे का?" राणीनं अजून दिलं, आणि त्यानं पुन्हा तेच विचारलं. कडं आता दंडापर्यंत आलं होतं.

भरीत-भाकरीची तपेली राणीनं कालिंदेच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तशीच लगबगीनं परतली. कावळ्यानं घासाला चोच लावली नाही.

मग उन्हाळा आला. वेशीवर आंब्याचं एक जुनं झाड होतं. चाखायला कोणी नाही म्हणून त्यानं कित्येक वर्षांत मोहर धरला नव्हता. यंदा चुलींचा धूर पाहून धरला. राणी रोज लांबून घागर आणून त्याच्या बुंध्याशी ओतायची आणि रोज विचारायची, "झालं का?"

"नाही," झाड म्हणायचं. "मी पिकेन तेव्हा देईन."

वैशाख गेला. केतूला आता उचलून गच्चीवर न्यावं लागे. कडं खांद्याला लागलं होतं. ढग डोंगराआडून डोकावू लागले तसा राणीचा धीर सुटत चालला. देवघरात तपेली होतीच. हात घातला असता तर पिकलेल्या आंब्यांनी भरली असती, आणि कोणाला कळलंही नसतं. एका दुपारी तिचा हात तपेलीच्या काठापर्यंत गेलासुद्धा. पण रोज घागर ओतताना ज्याच्या सालीवर हात फिरवला त्या झाडाला मग तोंड कसं दाखवणार, असं तिला वाटलं आणि तिनं हात मागं घेतला. ज्येष्ठ सरता सरता झाड म्हणालं, "पदर पसर." राणीनं पदर पसरला आणि आंबे एकेक करून अलगद उतरले. त्यांच्या वासानं सगळी वेस थांबून राहिली. राणीनं झाडाला मिठी मारली आणि इतके दिवस कोंडलेलं रडू तिथं मोकळं केलं.

तिनं रस काढला, चिमूटभर सुंठ घातली, शेतात आलेल्या गव्हाच्या पोळ्या लाटल्या, वर तुपाची धार सोडली. तपेली कडेवर घेऊन ती डोंगर चढली. कावळा सोबत होता. उंबऱ्यावर तपेली ठेवून तिनं थोडी पोळी रसात बुडवून दगडावर ठेवली आणि कावळ्याकडे पाहिलं. कावळ्यानं तोंड फिरवलं.

राणी उंबऱ्यापाशी मटकन बसली. तीन ऋतू झाले, तीन तपेल्या झाल्या. जे सांगितलं ते सगळं केलं. आता घरी जाऊन लेकराला काय सांगायचं? ती तशी बसली म्हणूनच तिला लोटलेल्या दाराच्या फटीतून आतलं दिसलं. चूल दिसली, विझलेली, राख कधीची थंड. कोनाड्यात एकच ताट, पालथं घातलेलं, त्यावर कोळ्याचं जाळं. चुलीपाशी एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मनगटातलं तांब्याचं कडं खांद्यापर्यंत चढलेलं होतं.

राणी आपलं दुःख विसरली. उठून आत गेली.

"आजी," ती म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

म्हातारीनं मान वर केली. "हे विचारायला इथं कोणी थांबलं नव्हतं."

तिनं सांगितलं की दुष्काळात घरात होतं नव्हतं ते सगळं तिनं तपेलीत रांधून धाडलं होतं. स्वतःला काही ठेवलं नव्हतं. वाटलं होतं, भांडं परत येईल तेव्हा काहीतरी घेऊन येईल. तीनदा वाट पाहिली. "तू ठेवून गेलीस ते पाखरांना घातलं," ती म्हणाली. "दारात ठेवून पळालेलं अन्न माणसानं कसं खावं, पोरी?"

राणीनं मान खाली घातली. मग पदर खोचला. ताट उतरवलं, धुतलं, म्हातारीपुढं मांडलं. पाण्याचा तांब्या भरून ठेवला. पोळी वाढली, वाटीत रस वाढला, आणि तिच्यासमोर बसून वारा घालू लागली. कालिंदा हळूहळू जेवली. राणीनं दुसरी पोळी वाढली. माझ्यासाठी एवढी घ्या, म्हणाली. मग तिसरी वाढली. झाडानं स्वतः दिलेला रस आहे, त्याचा मान ठेवा, म्हणाली. चौथी वाढायला गेली तेव्हा म्हातारीनं ताटावर हात आडवा धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"नको, लेकी. पुरे. पोट भरलं."

बाहेर कावळ्यानं दगडावरचा घास उचलला.

कालिंदेनं तपेली स्वतःच्या हातानं घासली. मग सगळी झोपडी धुंडाळली. कोनाडा पाहिला, उतरंड पाहिली, शेवटी फडक्याच्या गाठीत गुळाचा एक खडा सापडला. तो तिनं तपेलीत ठेवला.

"रिकामी कशी देऊ?" ती म्हणाली.

राणीनं वाकून नमस्कार केला. पुढच्या ऋतूत रांधलं की घेऊन येते आणि बसते, असं सांगितलं आणि घराकडे धावत सुटली. वाटेत तिनं तपेलीत हात घालून आंबा मागून पाहिला. हाताला गूळ लागला. तो गूळ तिनं डोळ्यांना लावला.

केतू राजाच्या मांडीवर निजला होता. राणीनं सकाळची उरलेली पोळी कुस्करली, त्यात गूळ आणि तूप घातलं, आणि घास भरवायला बसली. एक घास गेला. दुसरा गेला. पोरगं अजून मागेल म्हणून तिनं तिसरा मोठा केला. तोही गेला. चौथा घास तोंडाशी नेला, तर केतूनं ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

"आई, नको आता."

राणीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिनं पुन्हा घास पुढं केला. केतूनं तिचा हात बाजूला सारला, मोठी ढेकर दिली आणि झोपी गेला. राजा-राणी एकमेकांकडे बघत राहिले. मग राजानं तो उरलेला घास कपाळाला लावला आणि कठड्यावर नेऊन ठेवला. कावळा आधीच येऊन बसला होता.

पुढच्या पावसात केतू चिखलात खेळला आणि कडं मनगटात रुतायला लागलं म्हणून सोनाराला बोलवावं लागलं. वाड्यापुढची रांग मोडली, शेतांना कुंपणं आली, आणि प्रत्येक कुंपणाच्या आत एक कोपरा न कापलेला राहू लागला. आता त्या राज्यातल्या आया एकमेकींना सांगतात की आमचं पोर काही खातच नाही, दोन घासांत नको म्हणतं. सांगताना त्यांच्या तोंडावर जे कौतुक असतं ते बघण्यासारखं असतं. तपेली स्वयंपाकघरात असते. तिच्यात वरण शिजतं, घाई केली तर खाली लागतं. आणि ऋतू पालटला की राणी ती भरून डोंगर चढते, दोघी जेवतात, बोलत बसतात, आणि तपेली येताना काहीतरी घेऊनच येते.

तिथं सगळे तृप्त झाले, तसे तुम्ही आम्ही होऊ. कोणाच्या घरची वाटी तुमच्या मांडणीवर राहिली असेल तर आज ती काढा, आणि त्यांच्याकडे नेताना थोडा वेळ बसायला जा.