वैद्याच्या बाहीतली पूड

फार पूर्वीची गोष्ट आहे, आणि आपल्याकडची नाही, चीन देशातली आहे. तिथे डोंगरउतारावरच्या एका गावात एक वैद्य राहत होता. पावसाळा आला की त्या मुलखात रक्ताची हगवण पसरायची, आणि तिच्यावर उतारा एकच, या वैद्याचा काढा. काढा इतका कडू, की वैद्य लांबून दिसला तरी पोरं आईच्या मागे लपत. पण दोन दिवसांत हगवण थांबे, आणि तिसऱ्या दिवशी तीच पोरं भात मागत.

त्या देशात एक रीत होती. औषध उकळून झालं की भांड्यातला चोथा घरासमोरच्या रस्त्यावर ओतायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली चोथा तुडवला गेला की दुखणंही तुडवलं जातं, असं लोक मानत. या रीतीचा आणखी एक उपयोग होता. एखादा जाणकार तो चोथा बघे आणि औषधात काय पडलंय ते ओळखी. चुकलं असेल तर सांगे, चांगलं असेल तर शिकून घेई.

आमच्या वैद्याला नेमकं हेच खुपत होतं. काढा त्याच्या पणजोबांपासून चालत आलेला. त्यात एक पिवळं मूळ आणि दोन साली पडत, त्या कुणालाही ओळखू येत. काढ्याचा खरा जीव मात्र चौथ्या जिनसात, एका झुडपाच्या मुळात होता. त्या झुडपाचं फूल गळलं की त्यावर पांढरे केस येतात, म्हणून लोक त्याला 'पिकल्या केसांचा म्हातारा' म्हणत. हा म्हातारा काढ्यात असतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वैद्य त्याची पूड दार लावून कुटायचा. रोग्याच्या घरी स्वतः चुलीपाशी बसून काढा उकळायचा, आणि घरचे इकडेतिकडे झाले की बाहीतली पूड हळूच भांड्यात सोडायचा. पुडीचा गाळ व्हायचा आणि चोथ्यात काही दिसायचं नाही.

यावर कडी म्हणजे, तो भांड्यात एका रानझाडाची जाड तांबडी सालही टाकायचा. तिच्यात गुण काही नव्हता. ती फक्त चोथा बघणाऱ्यांच्या तोंडाला पानं पुसायला होती. शेजारच्या गावांतल्या वैद्यांनी ती साल घालून काढे केले, त्यांचे रोगी दगावले, आणि आमच्या वैद्याचं नाव आणखी मोठं झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो मनाशी म्हणायचा. त्या मुठीपायी किती घरांत रडारड झाली, याचा विचार त्यानं कधी केला नाही.

वैद्याला एकच मुलगी, लिएन. हुशार आणि अबोल. तिचं लग्न दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका गावात ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी ती बापासमोर येऊन बसली.

"बाबा, माझ्या सासरच्या गावात वैद्य नाही. पावसाळ्यात तिथं पोरं मरतात म्हणे. काढ्यात काय काय घालायचं ते मला सांगून ठेवा."

वैद्य घुटमळला. औषधाची कृती मुलालाच द्यावी, मुलगी परक्या घरची, अशी पणजोबांची ताकीद होती. पण पोटच्या पोरीला तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटेना. वेळ आली तर ती मला बोलावेलच, असं त्यानं स्वतःला समजावलं.

"तुला काय सांगायचं?" तो म्हणाला. "लहानपणापासून चोथा बघतेयस. त्यात दिसतं तेच."

लिएननं एकेक नाव घेतलं. पिवळं मूळ, दोन साली आणि चौथी ती जाड तांबडी साल. बरोबर ना, असं तिनं विचारलं. वैद्यानं मान डोलावली. ती त्याच्या पाया पडली आणि दुसऱ्या दिवशी सासरी गेली.

सहा वर्षं गेली. तेवढ्यात हगवण त्या गावाकडे फिरकली नाही, आणि काढा करायची वेळ आली नाही. लिएनला मुलगी झाली, ती चार वर्षांची झाली. त्या पावसाळ्यात पोरीला हगवण लागली. सासू म्हणाली, तुझ्या वडिलांना बोलावून घेऊ. लिएन म्हणाली, औषध बाबांचंच आहे, एवढ्या पावसात त्यांना कशाला दमवायचं? तिनं चारही जिन्नस मोजून घेतले, मन लावून काढा उकळला आणि पोरीला पाजला. दोन दिवस गेले तरी रक्त थांबेना. तिसऱ्या दिवशी माणूस धाडला. वैद्य धावतपळत आला तेव्हा सातवा दिवस उजाडला होता, आणि पोरीला आदल्या दिवशीच मूठमाती दिली होती.

घरासमोर चोथा पडला होता. त्यात ती तांबडी साल पाहून वैद्य चिखलातच बसला. लिएन बाहेर आली.

"मी कुठं चुकले बाबा? पाणी कमी पडलं का? आच जास्त झाली का?"

पाणी कमी पडलं, असं तो म्हणाला असता तरी तिनं मानलं असतं. पण आता त्याला खोटं बोलवेना. त्यानं बाहीतली पूड काढून दाखवली आणि सगळं सांगितलं. लिएननं ऐकून घेतलं. ती रडली नाही.

"ती नको नको म्हणत होती," ती म्हणाली. "मी तिला दाबून धरून पाजत होते. म्हणत होते, तुझ्या आजोबांचं औषध आहे, गीळ."

मग ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्यानंतर बापलेकीचं बोलणं झालं नाही.

वैद्य गावोगाव फिरू लागला. बाजारात उभं राहून बाहीतल्या पुडीची आणि तांबड्या सालीची लबाडी कबूल करी, पिकल्या केसांच्या म्हाताऱ्याचं मूळ हातात धरून दाखवी आणि सांगे, हेच ते औषध, खणा, कुटा, पोरांना द्या. लोक ऐकत आणि एकमेकांकडे बघत. इतकी वर्षं ज्यानं फसवलं, तो आज फुकट खरं सांगेल का, असं म्हणत. त्यानं दोन्ही बाह्या उलट्या करून दाखवल्या, तेव्हा एका म्हातारीनं त्याला शांतपणे विचारलं, "मग आता कुठं लपवलंस?"

ते मूळ कुणी खणलं नाही. त्याही पावसाळ्यात त्या गावांतली पोरं मेली, आणि झुडपं डोंगरभर तशीच उभी होती.

तात्पर्य एवढंच: जीव वाचवणारी विद्या ज्यानं खोटं बोलून राखली, तो शेवटी खरं सांगायला निघतो तेव्हा त्याचं ऐकायला कुणी तयार नसतं.