देवीच्या अंगावरची धूळ

उदासीमहाराजांचा मुक्काम शेंदरेवाडीत होता, ते वर्ष फार वाईट गेले. गावात पटकी आली होती. एक चिता विझते न विझते तोच दुसरी पेटे. महाराजांना लोकांनी परोपरीने विनवले, पण ते काही गाव सोडीनात. ज्या घरात कोणी पाऊल टाकीत नसे, तिथे ते आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसत.

संकट टळावे म्हणून गावाने ग्रामदेवीची लाकडी मूर्ती नव्याने रंगवायला काढली. गोंदाजी चिताऱ्याने जुना रंग खरवडून लाकूड घासले. आता अंगावर राहिली ती लाकडाची बारीक पूड. ती गावातल्या एखाद्या लेकुरवाळीने आपल्या ओल्या पदराने पुसायची आणि मगच रंगाचा पहिला हात द्यायचा, ही तिथली रीत. त्या खेपेला पाळी येसूची होती. बिचारीचे दोन मुलगे गेल्या महिन्यात पटकीने नेले, आणि उरलेली चंपी सकाळपासून ओकत होती. तरी ही बाई पदर भिजवून देवळात आली! 'आई, एवढी एक तरी ठेव,' इतकेच तिचे मागणे.

गोंदाजी तिच्यावर खेकसला, "दोन पोरं खाल्लीस, आन् म्हणं लेकुरवाळी! व्हय मागं! धुळीचं काय, फुंकर मारली की उडंल."

आणि त्याने खरेच गाल फुगवून दोन फुंकरा मारल्या अन् रंग चढवला. दुपारी रंग वाळला आणि त्याचे पापुद्रे सुटू लागले. देवीच्या पायाशी शेंदरी ढीग साचला. लोक हबकले. पण चूक कबूल करील तो गोंदाजी कसला! "ती पांढऱ्या पायाची उंबरा चढली, म्हणून देवी कोपली!" अशी त्याने ओरड केली. झाले, माणसे काठ्या घेऊन येसूला पोरीसकट गावाबाहेर काढायला निघाली.

येसूच्या झोपडीच्या दारात महाराज बसले होते. त्यांच्या मांडीवर चंपी निपचित पडली होती.

महाराज म्हणाले, "काढायचं तर काढा. पण पाळी तिची आहे. आधी तिला पुसू द्या. जा माय, पोर माझ्यापाशी आहे."

"म्या येईस्तवर ऱ्हाईल का वो ही?" येसूने विचारले. महाराजांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला.

महाराजांचा शब्द कोणाला मोडवेना. देवळात गोंदाजीने धुसफुसत उरलासुरला रंग खरवडला. येसूने देवीचे कपाळ पुसले. मग गाल पुसला, तर तो ओला. पुन्हा पुसला, पुन्हा ओला. देवीचे डोळे अजून रेखलेसुद्धा नव्हते, आणि त्या कोऱ्या खोबणींतून पाणी वाहत होते!

"लाकडात वल हाय," गोंदाजी पुटपुटला आणि त्याने बोट लावून पाहिले. पाणी ऊन होते. त्याने चटकन हात मागे घेतला.

तेवढ्यात महाराज चंपीला खांद्यावर घेऊन आले. पोरीने मान उचलली आणि म्हणाली, "आये, पेज दे."

येसूने हंबरडा फोडला. गेलेले दोघे काही परत आले नाहीत हो! पण ही राहिली.

गोंदाजीने तिथेच, त्या पुडीत, येसूच्या पायांपुढे डोके टेकले. "माय, चुकलो," म्हणून तो रडू लागला. त्याने मान वर केली तेव्हा त्याचे कपाळ धुळीने माखले होते. तिने तोच ओला पदर उचलला आणि ते पुसले.